अर्ध्या दिवसाचा रस्ता

हौशी : माझं मागणं फार मोठं नाही, पाहुणे. सोलापूरहून सकाळी तीस-चाळीस जुन्या मोटारी निघाव्यात, हैदराबाद रस्त्यानं नळदुर्गला याव्यात, किल्ल्यापाशी दोन-तीन तास लोकांनी त्या डोळे भरून बघाव्यात आणि दुपारनंतर परत जाव्यात. तेवढ्यापुरती महामार्गाची एक बाजू आणि गावातून किल्ल्याकडं येणारा रस्ता इतर वाहनांना बंद ठेवायचा. अर्धा दिवस, बस्स. मुंबईत व्हिंटेज गाड्यांच्या फेऱ्या दरवर्षी निघतात, दिल्लीत तर 'स्टेट्समन'ची रॅली १९६४ पासून चालत आली, कोलकात्यातही निघते. आपल्याकडं मात्र जुनी मोटार म्हणजे लग्नाच्या वरातीत फुलं लावून उभी केलेली गाडी, एवढंच लोकांना माहीत. आणि गाड्यांसाठी याहून चांगला रस्ता कोणता दाखवता? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरहून याच वाटेनं निजामाच्या राज्यात शिरलं. पहिली लढाई नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत ताब्यात आला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. ज्या शहरातून गाड्या निघायच्या त्या सोलापुरात वालचंद हिराचंद जन्मले, आणि त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून या देशात मोटारी बनवायचं धाडस केलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली एखादी जुनी फियाट वालचंदांच्या गावाहून निघून नळदुर्गच्या तटाखाली येऊन उभी राहिली, तर ते नुसतं श्रीमंतांचं मिरवणं होत नाही. शाळेतल्या पोराला इतिहास हात लावून बघायला मिळतो.

साशंक : इतिहासाबद्दल माझी तक्रार नाही, दाजी. तुम्ही 'अर्धा दिवस' इतकं सहज म्हणता, तिथं मी अडतो. नेमका कुठला अर्धा? तुम्ही म्हणाल सकाळचा, कारण ऊन चढल्यावर गाड्या तापतात. पण गावाचं सगळं सकाळीच असतं. वाडीवरून मोटारसायकलला दोन्हीकडं कॅन लटकावून येणारा माणूस धरा. धार पहाटे काढलेली, केंद्रावरचा काटा ठरल्या वेळी बंद होणार. तो तुमच्या अडथळ्यापाशी तासभर उभा राहिला की केंद्रावरचा पोरगा झाकण उघडतो, वास घेतो आणि काही न बोलता कॅन परत सरकवतो. दिवसाचा रोजगार संपला. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापूर गाठणारी बाई घ्या. तिचा नंबर ठरलेला असतो, उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला मिळतं. हंगाम असेल तर उसाच्या गाड्या. बैल उन्हात उभे, ऊस वाळतो, वजन घटतं, आणि तोडणाऱ्याची मजुरी टनावर असते. तुमच्या कार्यक्रमाच्या जमाखर्चात यातलं एकही पान नसणार. वाईट हेतूनं नव्हे. तो खर्च तुमच्या खिशातून जात नाही, म्हणून तुम्हाला दिसतच नाही.

हौशी : मग कोजागरीला काय होतं? आश्विन पौर्णिमेला सोलापूर-तुळजापूर रस्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं बंद असतो, आणि तोही अर्धा दिवस नव्हे. जड वाहनं कुठून कुठं फिरवून नेतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नवरात्रात कर्नाटकातून, उमरग्याकडून आईच्या दर्शनाला चालत निघालेली माणसं नळदुर्गवरूनच जातात, तेव्हा महामार्गाची एक कड त्यांचीच असते. त्या दिवसांत दूध नासत नाही? डायलिसिस थांबतं? ट्रकवाला दोन दिवस ढाब्यावर पडून राहतो, त्याच्या मालकाचं भाडं बुडतं, आणि ट्रकवाला भवानीचा भक्त असेलच असंही नाही. त्याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे रस्ता बंद होण्याला तुमचा विरोध नाही. आपल्या आवडीच्या कारणासाठी बंद झाला तर चालतो, दुसऱ्याच्या हौसेसाठी झाला की दुधाचे कॅन आठवतात. डांबराला भक्ती आणि हौस यातला फरक कळत नाही, पाहुणे.

साशंक : बरोबर बोट ठेवलंत, म्हणून जरा सावकाश उत्तर देतो. श्रद्धेला सगळं माफ असावं असं माझं म्हणणं नाही. कोजागरीला अडकलेल्या माणसाचं नुकसान खरंच आहे आणि ते कुणी मोजत नाही, हे मान्य. पण तो रस्ता कुणापासून कुणाला वाचवायला बंद होतो ते बघा. रात्रीच्या अंधारात अनवाणी चालणारी हजारो माणसं, त्यात कडेवर पोर घेतलेल्या बाया, आणि मागून भरधाव येणारा ट्रक. तिथं चाकाला थांबवून पायाला वाट दिली जाते. तुमच्या कार्यक्रमात उलटं होणार. पायी जाणाऱ्याला, सायकलवाल्याला, बैलगाडीला थांबवून चाकाला वाट मिळणार. बंद रस्त्यावर मोटार धावते आणि गावाला ते नीट कळलेलं नसतं, तेव्हा काय होतं ते राजस्थानात दिसलं. २१ सप्टेंबर २०१९, बाडमेर जिल्हा, राष्ट्रीय रॅली स्पर्धा. स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. नवरा, बायको, मुलगा. तिघंही जागच्या जागी गेले. आयोजक म्हणाले, रस्ता अडवलेला होता, माणसं नेमलेली होती, मोटारसायकल अडथळा ओलांडून आत आली. असेलही. पण तो रस्ता त्या माणसाच्या रोजच्या पायाखालचा होता. आज तो आपला नाही, हे त्याच्या डोक्यात उतरायला एक दोरी आणि एक शिट्टी पुरत नाही.

हौशी : बाडमेरचं ऐकून कुणाच्याही पोटात कालवाकालव होईल. पण ती वेगाची स्पर्धा होती, घड्याळाविरुद्धची. जुन्या गाड्यांच्या फेरीचा आणि तिचा संबंध जोडणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका खटल्यात उभ्या करणं. जगानं हा धडा फार आधी घेतलाय. इटलीत ब्रेशियाहून रोमला जाऊन परत यायची, हजार मैलांची 'मिले मिलिया' शर्यत १९२७ पासून होती. १९५७ च्या मे महिन्यात गुइदित्सोलो नावाच्या गावाजवळ एका गाडीचं टायर फुटलं, आणि ती रस्त्याकडेच्या माणसांत घुसली. नऊ प्रेक्षक मेले, त्यातली पाच मुलं. गाडीतले दोघंही गेले. शर्यत तिथंच संपली. पुढं १९७७ मध्ये ती परत आली ती वेगळ्या रूपात. १९२७ ते १९५७ या काळात जी मॉडेलं धावली त्यांतलीच जुनी गाडी आणायची, आणि वेगाचा नव्हे, ठरल्या वेळेत ठरलेलं अंतर काटेकोर कापायचा कस लावायचा. आता ती चालू वाहतुकीतून जाते, गावागावांतून जाते, लोक खुर्च्या टाकून बघतात. आपल्याकडं कायद्यातच आहे की. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर शिक्षा. मला शर्यत नकोच. माझ्या गाड्या चाळीसच्या वर जाणार नाहीत. काही तर जाऊच शकणार नाहीत.

साशंक : मग बंद कशाला? तुमच्याच दाखल्यानं तुमचं मागणं फिटलं. इटलीतल्या गाड्या चालू वाहतुकीतून जातात म्हणता. १९६८ साली लंडनहून सिडनीला निघालेल्या गाड्या दिल्लीवरून मुंबईपर्यंत अशाच आल्या आणि तिथून बोटीत चढल्या. त्या तर शर्यतीच्या होत्या. तुमच्या चाळीसच्या वेगानं जाणाऱ्या गाड्यांना सबंध रस्ता रिकामा का हवा? खरं सांगू का? रिकाम्या रस्त्यावर फोटो चांगला येतो. बंद रस्त्याला पोलीस लागतात, पोलीस आले की पाहुणे येतात, पाहुणे आले की व्यासपीठ येतं. रस्ता बंद होणं ही गरज नसते, तो मान असतो.

हौशी : यात थोडं तथ्य आहे, हसून मान्य करतो. पण सगळं नाही. तुम्ही कधी तीसच्या दशकातली मोटार स्वतः चालवली नाहीत. तिच्या ब्रेकला बऱ्याचदा सळई किंवा तार असते, पाय सगळं बळ लावून दाबला तरी गाडी कुठं थांबेल ते तीच ठरवते. इंडिकेटर नाही, हात बाहेर काढून खूण करायची, आणि ती खूण आजच्या पोरांना वाचता येत नाही. रांगेत पाच-दहा मिनिटं उभी राहिली की रेडिएटर उकळतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि इंजिन बंद पडतं. मग बॉनेट उघडून नळीवर ओलं फडकं ठेवून वाट बघत बसायचं. आता हैदराबाद महामार्गाचं चित्र डोळ्यांपुढं आणा. डावीकडून ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागं लाल दिवा नाही. उजवीकडून आंध्रातली ट्रॅव्हल्स. समोरून उलट्या दिशेनं येणारा मोटारसायकलवाला, कारण दुभाजकातली पुढची फट त्याला लांब पडते. यात माझी म्हातारी गाडी सापडली तर काय होईल? तुम्ही मघाशी म्हणालात, दुबळ्याला वाचवायला रस्ता बंद झाला तर तुमचा आक्षेप नाही. आजच्या महामार्गावर ही गाडी दुबळीच आहे. ती चालवणारा सत्तरीचा माणूसही दुबळाच आहे. तुमचीच कसोटी लावतो. द्या की वाट.

साशंक : वा, फासा चांगला उलटवलात. पण दुबळी आहे ती गाडी. तिचा मालक नव्हे. तुम्ही दोघांना एका पंगतीत बसवून एकाच्या दुबळेपणावर दुसऱ्याला सवलत मागताय. जुन्या गाडीचं दुबळेपण सरकार कसं मोजतं ते बघू. २०२१ च्या जुलैत केंद्रानं नियम केला. पन्नास वर्षं ओलांडलेली आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदवता येते. नंबरपाटीवर 'व्हीए' ही मानाची अक्षरं, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षं निश्चिंती. छान. आता त्याच सरकारचा दुसरा नियम. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षं झालेल्या मोटारसायकलची नोंदणी नव्यानं करायची फी तीनशेची हजार झाली, मोटारीची सहाशेची पाच हजार. दुधाचे कॅन वाहणारी मोटारसायकल पंधरा वर्षांची झाली की ती प्रदूषण करणारा भंगार माल. तुमची पन्नाशीतली गाडी तोच धूर जास्तच सोडते, पण ती वारसा. दोन्ही जुन्याच, दोन्ही जिवापाड जपलेल्या. एक हौसेनं, एक नाइलाजानं. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी, तुमच्या वालचंदांच्या कारखान्यातली, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तीच पद्मिनी एखाद्या हौशी माणसानं पन्नास वर्षं गॅरेजमध्ये जपली तर तिच्यासाठी महामार्ग बंद करायचा! पोट भरणाऱ्या गाडीला वय चढतं आणि मिरवणारीला मान चढतो. या हिशेबात वाट कुणी कुणाला द्यायची?

(दोघांच्या मध्ये पडायचा अधिकार लेखकाला नाही. तरी एवढं नोंदवतो की इथं हौशी गृहस्थांनी पहिल्यांदाच चहाचा कप खाली ठेवला. व्हिंटेज पाटीच्या नियमात आणखी एक गंमत आहे. ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन अशा ठरावीक कामांपुरतीच आणायची. म्हणजे फेऱ्या झाल्या नाहीत तर त्या पाटीला अर्थ उरत नाही. कायद्यानं मान दिला आणि मिरवायचा रस्ता मात्र गावाकडून मागून आणायला सांगितला.)

हौशी : तुमचा राग नियमावर आहे, आणि त्यात मी तुमच्या बाजूचा आहे. पण नियमातला अन्याय माझ्या गाडीवर काढू नका. हौस कायम श्रीमंतांचीच असते असंही धरून चालू नका. या गाड्या मालकाच्या पैशानं टिकतात तेवढ्याच मिस्त्रीच्या हातानं टिकतात. कार्ब्युरेटर उघडून त्यातली जेट तोंडानं फुंकून साफ करणारा, पत्र्याचा मडगार्ड हातोडीनं ठोकून गोलाई परत आणणारा, बाजारात मिळत नाही म्हणून लेथवर बुश कातून देणारा. ही माणसं सोलापुरात आहेत, तुळजापूर-उमरग्यातही असतील. आजची गाडी बिघडली की कॉम्प्युटर लावतात आणि अख्खा भाग बदलतात. या हातांना काम कोण देणार? दुसरं असं, कार्यक्रमामुळं गावाला काहीच मिळत नाही हेही खरं नव्हे. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात सायकलींची 'ग्रँड टूर' झाली, चारशे सदतीस किलोमीटरची. वर्षानुवर्षं खड्ड्यांत गेलेले रस्ते त्या निमित्तानं गुळगुळीत झाले. स्पर्धा चार-पाच दिवसांत संपली, डांबर गावाकडं राहिलं. नळदुर्गला तसं झालं तर तुम्ही नको म्हणाल?

साशंक : डांबर नको कोण म्हणेल? पण मला त्यातच जास्त टोचतं. सोलापूरपासून कर्नाटकाच्या हद्दीपर्यंतचं चौपदरीकरण किती वर्षं रखडलं, नळदुर्गच्या बाह्यवळणासाठी लोकांनी किती निवेदनं दिली, अर्धवट कामावर किती अपघात झाले, हे इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. रोज ये-जा करणाऱ्यासाठी जो रस्ता होत नाही तो पाहुण्यासाठी पंधरा दिवसांत होतो, याचा आनंद मानायचा की लाज बाळगायची? असो. मिस्त्रीचं तुमचं बोलणं मला पटलं. त्याच्यासाठी किल्ल्याबाहेरच्या मैदानात दोन दिवसांचं प्रदर्शन भरवा, मी स्वतः पोरांना घेऊन येतो. गाड्या ट्रेलरवर घालून आणा.

हौशी : ट्रेलरवर आणलेली गाडी म्हणजे पेंढा भरलेला वाघ. ती चालली पाहिजे. घाटाच्या वळणावर गिअर बदलताना तिचा आवाज ऐकला पाहिजे. किल्ल्यातल्या पाणी महालाच्या चित्रावर कुणाचं समाधान होतं का? पावसाळ्यात बोरी भरून वाहते, चारशे वर्षांपूर्वीच्या आदिलशाही बंधाऱ्यावरून नर आणि मादी धबधबे कोसळतात, तेव्हाच माणूस नळदुर्गला येतो. कोरड्या सांडव्याला कोण येतंय? आणि पाण्याचे ते रविवार आठवा, पाहुणे. तेव्हा रस्ता कुणाच्या आदेशाशिवाय आपोआप बंद होतो. गाड्या आडव्यातिडव्या, पोलीस तीन-चार, गावातला माणूस अडकलेला. माझी फेरी आखीव तरी असेल. तुम्हाला बंदी टोचते, की विचारल्याशिवाय झालेली बंदी?

साशंक : हां. आता आपण कामाच्या जागी आलो. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाखाली वाहतूक बंद करता येते, सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी. बंदी महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रातही छापावी लागत नाही. परिस्थितीनुसार जमेल तेवढी स्थानिक प्रसिद्धी दिली की झालं. त्यात 'कळवणं' आहे, 'विचारणं' कुठंच नाही. आणि कळवणं तरी कसं? वर्तमानपत्रात आतल्या पानावर आदेश येतो, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते, तीत पर्यायी मार्गांची नावं अशी असतात की वाचणारा चक्रावतो. वाडीवरच्या माणसाला रस्ता बंद झाल्याचं कळतं ते रस्त्यावर आल्यावर. म्हणून म्हणतो, माझा आक्षेप तुमच्या गाड्यांपेक्षा या रीतीवर आहे.

हौशी : मग रीत बदलू. आणि नमुना लांब शोधायला नको, तो नळदुर्गातच आहे. खंडोबाचा. अणदूरला आणि इथं मैलारपूरला मंदिरं दोन, देव एक. वर्षातले सव्वा दहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. पौषातली यात्रा इथं. देव न्यायला येतात तेव्हा दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, केव्हा न्यायचा, केव्हा परत द्यायचा. प्रत्यक्ष देवसुद्धा या रस्त्यानं कागद झाल्याशिवाय हलत नाही! मी तेच करतो. नगरपरिषद, वाटेतल्या ग्रामपंचायती, दूध केंद्रं, शाळा यांच्याशी बसतो. कोणते तास, कोणता फाटा, एसटी कुठून, नुकसान झालं तर भरपाई किती, सगळं कागदावर. गावानं सांगितलं नऊच्या आधी नाही, तर नऊच्या आधी नाही. उसाच्या हंगामात नाही, तर नाही. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन मनात होता. सोयाबीनच्या काढणीला अडत असेल तर तोही सोडतो. आता बोला.

साशंक : दाखला इतका चपखल दिलात की नाही म्हणणं जड जातंय. पण तो करार टिकतो कशामुळं ते बघा. दोन्ही गावं पुढच्या वर्षी पुन्हा समोरासमोर येणार असतात. एकानं दिवस चुकवला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा उरत नाही. सोयरिकी एकमेकांत, शेतं शेजारीशेजारी. तुमचे आयोजक पुण्याचे नाहीतर हैदराबादचे. गाड्या गेल्या की तेही गेले. कॅन नासलेल्या माणसानं भरपाई मागायला कुठं जायचं? आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. यात्रेच्या कागदावर मानकरी सह्या करतात, त्यांचा मान पिढ्यांचा, बरावाईट पण सगळ्यांना ठाऊक. तुमच्या कागदावर गावातर्फे सही कुणाची? मुख्याधिकाऱ्याची? तो तीन वर्षांत बदलून जाईल. नगराध्यक्षाची? त्याला व्यासपीठावर खुर्ची मिळणार, तो पहिल्याच बैठकीत होकार देईल. ज्याचा दिवस बुडतो तो कुठल्याच बैठकीला नसतो. बैठक दुपारी चारला ठेवता, तेव्हा तो रानात असतो.

हौशी : म्हणजे प्रत्येक माणसाला विचारायचं? मग एकही रस्ता झाला नसता, पाहुणे. रस्ता ही मुळात दुसऱ्याच्या दारावरून जायची परवानगी. हा सोलापूर-हैदराबाद रस्ता आखताना दर शेतकऱ्याला नकाराधिकार असता तर आज तुम्ही अणदूरपर्यंत बैलगाडीनं जात असता. एका माणसाच्या नाही म्हणण्यावर शंभरांचं अडावं, हे तुम्हाला तरी न्यायाचं वाटतं का? आणि ही अट फक्त मलाच का? उद्या यात्रेलाही लावा. पुढाऱ्याच्या सभेला लावा. ताफा येणार म्हणून तासभर चौक बंद असतो तेव्हा कुठल्या दूधवाल्याची सही घेतात?

साशंक : लावायला हवी, सगळ्यांनाच. ती लावायची हिंमत मला यात्रेच्या बाबतीत होणार नाही आणि ताफ्याच्या बाबतीत झाली तरी कुणी ऐकणार नाही, हे उघड आहे. म्हणून तुमच्यावर जोर काढतोय असं म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. पण सह्यांचं आपण जरा बाजूला ठेवू. दर माणसाला विचारणं शक्य नाही, हे मानलं. मग मला एवढंच सांगा, बंद केलेला रस्ता मध्येच उघडायची वेळ आली तर तो कोण उघडणार? आदेशात रुग्णवाहिकेला सूट असते. पण बाळंतीण नेहमी रुग्णवाहिकेतून जात नाही. शेजाऱ्याच्या जीपमधून जाते, मागच्या सीटवर आडवी, सासू डोकं धरून बसलेली. जीपचं नाव आदेशात नाही. चौकात तुमचा स्वयंसेवक उभा, नवा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, गावात पहिल्यांदा आलेला. तो काय करणार? वर फोन लावणार. वरचा त्याच्या वर लावणार. तोवर जीप तिथंच. मयत झालं तर तसंच. स्मशान रस्त्यापलीकडं असलं तर तिरडी खांद्यावर घेऊन माणसं उभी, आणि समोरून एकोणीसशे अठ्ठावीसची गाडी हॉर्न वाजवत.

हौशी : त्या वेळी गाड्या थांबतीलच. कोण एवढं निर्दय आहे?

साशंक : निर्दय कुणीच नसतं. पण तुम्हीच म्हणालात, थांबल्या की रेडिएटर उकळतो, इंजिन बंद पडतं. म्हणजे थांबवणाऱ्याच्या मनावर दडपण असणार, की माझ्या एका शिट्टीनं चाळीस गाड्या रस्त्यात बसतील. परक्या पोराला ते दडपण झेपणार नाही. म्हणून तुमच्या करारात मला एकच कलम हवं. मध्येच रस्ता उघडायचा अधिकार गावातल्या माणसाचा. वर न विचारता, कारण न सांगता. हे कलम घालाल तर बाकीच्या अटींवर मी भांडणार नाही.

हौशी : आणि त्या गावातल्या माणसानं भाऊबंदकीतून शिट्टी वाजवली तर? चहाचं कंत्राट आपल्या गटाला मिळालं नाही म्हणून वाजवली तर? कारण न सांगता म्हणताय, म्हणजे मी विचारूही शकत नाही. गावात गट नाहीत असं तर तुम्ही म्हणणार नाही.

साशंक : गट आहेत. वाजेलही कधी उगाच.

हौशी : म्हणजे दडपण तुम्ही माझ्या पोराच्या खांद्यावरून काढून गावातल्या माणसाच्या मर्जीवर टाकलंत, एवढंच. निकाल लागला नाही.

साशंक : नाही लागला. पण चुकीची शिट्टी वाजली तर तुमची गाडी तापणार, आणि बरोबर शिट्टी वाजली नाही तर जीपमधली बाई. दोन चुकांची किंमत सारखी नाही.

हौशी : बरं, घातलं कलम. माणूस कोण? सरपंच नको, नगरसेवक नको, पोलीस पाटील म्हणाल तर त्याच्यावर वरचा दाब. सगळ्यांच्या घरात जिचं जाणंयेणं आहे आणि बाळंतीण कुठल्या घरात आहे हे जिला आधी कळतं, अशी एकच बाई गावात असते. आशाताई. त्यांच्या हातात द्यायची का शिट्टी?

साशंक : आधी त्यांना विचारा. त्या दिवशी त्यांना सर्वेक्षण असेल, नाहीतर लसीकरण, आणि तुमच्या कागदात त्यांच्या मानधनाचा रकाना मला अजून दिसलेला नाही.